मोटर सुरू झाली की वजनाचा आकडा का नाचतो? अर्थिंग नीट करून नॉइज कमी करण्याची पायरीपायरीची पद्धत

पशुखाद्य बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला बोलावलं होतं. दीड टनाचा वजनाचा हॉपर, त्याखाली पाचशे किलोचे तीन लोडसेल (वजनाचा विजेचा सिग्नल करणारे सेन्सर), शेजारी मिक्सरची २० हॉर्सपॉवरची मोटर आणि तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह. मोटर बंद असताना वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरवरचा आकडा एकदम स्थिर. मोटर सुरू झाली की चार किलो वर, चार किलो खाली. मका आणि सरकी पेंडीला एवढा फरक चालून जातो, पण मिनरल मिक्श्चरचं माप चुकलं तर अख्खी बॅच बिघडते. मालकांनी मला बोलावण्याआधीच इंडिकेटरसाठी अर्थिंगचा वेगळा खड्डा मारून घेतला होता, 'क्लीन अर्थ' म्हणून. खर्च झाला, आकडा नाचतच राहिला.

असा खड्डा मारलेला मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की हा लेख लिहायचं मुख्य कारण तेच आहे. उदाहरण लोडसेलचं घेतलं असलं तरी थर्मोकपल, पीएचमीटर, ४-२० मिलिअँपिअरचे ट्रान्समीटर, प्रयोगशाळेतली उपकरणं, सगळीकडे शोधाची रीत हीच.

आधी दोन हिशेब

साध्या लोडसेलची संवेदनक्षमता २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट असते. इंडिकेटरने त्याला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला मिळतात १० मिलिव्होल्ट. आपल्या हॉपरला पूर्ण भार म्हणजे १५०० किलो. म्हणजे एका किलोला ६.७ मायक्रोव्होल्ट. आकडा चार किलोने हलतो म्हणजे त्या तारेत सुमारे २७ मायक्रोव्होल्ट परका सिग्नल, म्हणजेच नॉइज, घुसला आहे.

आता दुसरी बाजू. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आत सुमारे ५८५ व्होल्ट डीसी असतो. ड्राइव्ह तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि प्रत्येक वेळी साधारण एक दशांश मायक्रोसेकंदात. मोटरची केबल आणि मोटरचं वाइंडिंग यांची बॉडीशी थोडी कपॅसिटन्स (भार साठवण्याची क्षमता) असतेच. ती फक्त १ नॅनोफॅरड धरली तरी त्या क्षणाला सुमारे ६ अँपिअरचा झटका बॉडीत उतरतो. सहा अँपिअर एकीकडे, सत्तावीस मायक्रोव्होल्ट दुसरीकडे. या दोघांना एकाच लोखंडी सांगाड्यावर बसवलं आहे, हे डोळ्यासमोर ठेवलं की पुढच्या पायऱ्या आपोआप पटतात.

हा झटका जमिनीत जाऊन मुरत नाही. करंट जिथून निघतो तिथेच त्याला परत जायचं असतं, आणि हा निघालाय ड्राइव्हमधून. परतीची सोपी वाट तुम्ही दिली नाही, तर तो सांगाडा, हॉपर, लोडसेलच्या केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण), इंडिकेटर असा फिरत ड्राइव्हकडे जातो.

खड्डा काय करतो

खड्डा जिवासाठी आहे. फेज बॉडीला लागला, वीज पडली, तर त्याची गरज आहे आणि त्यात तडजोड नाही. पण नॉइजच्या बाबतीत त्याचा उपयोग फार थोडा, आणि त्याचं कारण तार आहे. सरळ तारेला दर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स (बदलत्या करंटला अडवण्याचा गुण) असतो. पॅनेलपासून खड्डा २० मीटरवर असेल, तर ५० हर्ट्झला या इंडक्टन्सचा अडथळा अवघा ६ मिलिओहम. १ मेगाहर्ट्झला तोच होतो १२५ ओहम. ड्राइव्हच्या झटक्यात याच पट्ट्यातली वारंवारता भरलेली असते. मग खड्डा १ ओहमचा असो की ५ ओहमचा, काय फरक पडणार? जाडजूड केबल टाकूनही हा आकडा फारसा उतरत नाही, कारण इंडक्टन्स लांबीवर ठरतो, जाडीवर नाममात्र.

आणि तो 'क्लीन अर्थ'? मुख्य अर्थिंगला न जोडलेला स्वतंत्र खड्डा धोक्याचा आहे. जवळ वीज पडली तर दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येऊ शकतो, आणि तो फरक तुमच्या इंडिकेटरच्या आत फुटतो. आधीच मारला असेल तर बुजवू नका. मुख्य अर्थ बसबारला जाड पट्टीने जोडून टाका, म्हणजे तो कामाला येईल.

पायरी १: नॉइज कुठून येतो ते आधी पकडा

पाना हातात घेण्याआधी वही घ्या. हॉपर रिकामा ठेवून पाच मिनिटं आकडा बघा आणि लिहा: सगळं बंद असताना किती हलतो, फक्त ड्राइव्हला सप्लाय दिल्यावर किती, मोटर फिरायला लागल्यावर किती, शेजारचं वेल्डिंग सुरू असताना किती. ड्राइव्हला नुसता सप्लाय देऊन आकडा शांत राहिला आणि 'रन' दिल्याबरोबर नाचला, तर गुन्हेगार मोटरच्या केबलकडे आहे. कॉन्टॅक्टर (कॉइलने चालणारा मोठा स्विच) पडताना एकदाच उडी मारत असेल तर त्याची कॉइल. आकडा सावकाश एका बाजूला सरकत असेल तर बहुधा ते नॉइजचं काम नाही. जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली आहे का ते बघा, अर्थिंगच्या मागे लागू नका.

मग लोडसेलची केबल इंडिकेटरपासून काढून तिथे लोडसेल सिम्युलेटर लावा. तो नसेल तर एखादा सुटा लोडसेल आखूड केबलने टेबलावर जोडा. मोटर चालू असताना आता आकडा शांत असेल, तर नॉइज केबल किंवा हॉपरच्या बाजूने येतोय. तरीही नाचला, तर तो सप्लायमधून किंवा पॅनेलच्या आतून येतोय. ही एक चाचणी अर्ध्या दिवसाची मेहनत वाचवते. इंडिकेटरला लॅपटॉप जोडलेला असेल तर चार्जर काढून बॅटरीवरही एकदा बघा. आकडा तेवढ्याने सुधारला, तर चार्जर आणि पॅनेल यांच्या अर्थिंगमधून लूप (करंटला फिरायची बंद वाट) झाला आहे, आणि तिथे आयसोलेटर लागेल.

इंडिकेटरच्या सेटिंगमधला फिल्टर वाढवून आकडा थांबवण्याचा मोह होतो. तसं करू नका. आकडा शांत दिसतो, पण तो उशिरा पोचतो, गेट उशिरा बंद होतं आणि माल जास्त पडतो.

पायरी २: सप्लायचं अर्थिंग तपासा

इथून पुढे परवानाधारक वायरमन सोबत हवा. पॅनेल उघडण्याआधी मेन बंद, कुलूप लावलेलं आणि चावी खिशात. ड्राइव्हमधले कपॅसिटर सप्लाय बंद केल्यावरही भारलेले असतात. त्यावर लिहिलेली मिनिटं थांबा आणि मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करा.

चालू लोडवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला एसी व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्ट असणं स्वाभाविक आहे. पाचाच्या वर जात असेल तर ढिला न्यूट्रल, सैल लग (तारेच्या टोकाचा जोड) किंवा असंतुलित फेज शोधा. आणि लोड कमी-जास्त करूनही तो हलत नसेल, कायम शून्यच दाखवत असेल, तरी खूश होऊ नका. जवळच्या एखाद्या बोर्डात कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधले असण्याची शक्यता आहे.

ती शंका क्लॅम्पमीटरने दूर होते. पॅनेलला येणाऱ्या अर्थच्या तारेवर क्लॅम्प लावा. ड्राइव्हच्या फिल्टरमुळे काही मिलिअँपिअर ते काही शे मिलिअँपिअर दिसू शकतात. पण दोन, चार अँपिअर दिसले, तर न्यूट्रलचा करंट अर्थमधून घरी चालला आहे. न्यूट्रल-अर्थ जोड फक्त सप्लायच्या उगमाशी, म्हणजे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर तिथे, एकदाच असतो. त्याच्या पुढे प्रत्येक बोर्डात न्यूट्रलची बार वेगळी, अर्थची वेगळी. माझ्या पाहण्यात ही चूक बहुतेक वेळा दिव्यांच्या किंवा एअर कंडिशनरच्या छोट्या बोर्डात सापडते, कारण पॅनेलवाला तिकडे कधी बघत नाही.

खड्डाही मोजून घ्या, कारण तो जिवाचा प्रश्न आहे. मेन बंद ठेवून खड्डा सिस्टिमपासून सोडवा. अर्थ टेस्टरची करंटची खुंटी ३० मीटरवर, व्होल्टेजची खुंटी त्याच सरळ रेषेत सुमारे १८.५ मीटरवर. मग व्होल्टेजची खुंटी १६ आणि २१ मीटरवर हलवून बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच माप खरं. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात घेतलेलं माप मे महिन्यात चालत नाही: माती भेगाळते, पाइपापासून सुटते आणि रोध चढतो. मुरूम, कातळ किंवा कोकणातला जांभा असेल तर आकडा मुळातच जास्त येतो. मापाची आणि बांधणीची पद्धत आयएस ३०४३ या भारतीय मानकात दिली आहे, त्याची २०१८ची आवृत्ती वापरा.

खड्डा ५ ओहमचा असेल आणि ट्रान्सफॉर्मरकडचा रोध सोडून दिला, तरी फेज बॉडीला लागल्यावर जास्तीत जास्त ४६ अँपिअर वाहतात. तेवढ्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी लगेच पडत नाही. म्हणून ज्या जागेचं अर्थिंग फक्त स्वतःच्या खड्ड्यावर आहे, तिथे आरसीसीबी (करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच) हवाच. नॉइज घालवण्यासाठी उपकरणाच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे मी पाहिले आहेत. कृपया हे कधीही करू नका, चाचणीपुरतंसुद्धा नको. पिन काढून नॉइज गेला तर त्याचा अर्थ एवढाच, की लूप सापडला. तो सोडवायची जागा सिग्नलच्या तारेत आहे.

पायरी ३: पॅनेलच्या आतलं लोखंड एक करा

ड्राइव्ह आणि इंडिकेटर ज्या प्लेटवर बसतात ती प्लेटच उच्च वारंवारतेसाठी तुमचं खरं अर्थ आहे, खड्डा नव्हे. पावडर कोटिंग केलेली प्लेट सुंदर दिसते, पण रंग विजेला अडवतो. शक्य असेल तिथे जस्ताचा मुलामा दिलेली, न रंगवलेली माउंटिंग प्लेट वापरा. जुनं पॅनेल असेल तर ड्राइव्हच्या, फिल्टरच्या आणि अर्थ बारच्या बोल्टखालचा रंग चकचकीत होईपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर टाका, आणि घट्ट केल्यावर उघडं लोखंड गंजू नये म्हणून कडेने ग्रीस किंवा रंग लावा.

दरवाजाला लावलेली लांबलचक हिरवी तार सुरक्षिततेला पुरते, नॉइजला नाही. बिजागरीजवळ विणलेली, चपटी कॉपर पट्टी लावा, रुंदीच्या पाचपटीपेक्षा लांब नको. चपटा आणि आखूड, ही दोन विशेषणं लक्षात ठेवा. गोल आणि लांब तार कितीही जाड असली तरी मेगाहर्ट्झला ती बंद दारासारखी वागते.

ड्राइव्ह एका टोकाला, इंडिकेटर दुसऱ्या टोकाला. जागा असेल तर इंडिकेटरला वेगळा बॉक्सच द्या.

पायरी ४: मोटरच्या झटक्याला घरी जायची वाट द्या

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून वेळ आणि पैसा इथे घाला.

त्या पशुखाद्याच्या कारखान्यात मोटरला साधी चार कोअर केबल होती, पण चौथी कोअर मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये नुसती टेप लावून सोडून दिली होती. मोटरची बॉडी पट्टीने सांगाड्याला, सांगाडा एका खड्ड्याला, आणि ड्राइव्ह दुसऱ्या खड्ड्याला. मोटरच्या बॉडीत उतरलेल्या करंटला ड्राइव्हकडे परतायला सरळ रस्ताच नव्हता. हॉपर त्याच सांगाड्यावर उभा. उरलेली गोष्ट तुम्ही ओळखली असेलच.

मोटरची केबल शील्डेड घ्या. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये शील्ड धातूच्या ईएमसी ग्लँडमध्ये (शील्डला पकडणाऱ्या, नॉइज रोखणाऱ्या केबलच्या जोडात) चारी बाजूंनी दाबून बसवा. ड्राइव्हकडेही तसंच, ड्राइव्हखालच्या क्लॅम्पमध्ये, वरचं आवरण सोलून पूर्ण गोलाईने. शील्ड पिळून शेपटी करायची आणि लग लावून बोल्टला बांधायची, ही आपल्याकडची रूढ पद्धत इथे उपयोगाची नाही: दहा सेंटिमीटरची शेपटी म्हणजे पुन्हा इंडक्टन्स. मोटरच्या केबलचं शील्ड नेहमी दोन्ही टोकांना जोडायचं. शिवाय मोटरची अर्थ कोअर त्याच केबलमधून थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलला. सांगाड्याला दिलेली पट्टी राहू द्या, ती हवीच आहे.

शील्डेड केबल लगेच मिळत नसेल तर निदान चौथी कोअर जोडा आणि केबल अखंड लोखंडी पाइपातून न्या, पाइप दोन्ही टोकांना नीट जोडून. केबल जितकी आखूड तितकी बरी. ड्राइव्हची कॅरियर फ्रीक्वेन्सी (चालू-बंद करण्याचा वेग) ८ किलोहर्ट्झवर असेल तर ४ करून बघा. मोटर थोडी शिट्टी मारेल, पण सेकंदाला झटके निम्मे होतात. ड्राइव्हमध्ये ईएमसी फिल्टरचा स्क्रू असतो, तो कोणी काढून ठेवला आहे का बघा. मात्र फिल्टर जोडला की गळतीचा करंट वाढतो, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विनाकारण पडू शकतो. ड्राइव्हच्या सर्किटला कोणता आरसीसीबी चालतो हे ड्राइव्हच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याप्रमाणे निवडा.

पायरी ५: सिग्नलची केबल

इथे नियम उलटा. लोडसेलच्या केबलचं शील्ड बहुतेक ठिकाणी एकाच टोकाला, इंडिकेटरच्या बाजूला, प्लेटवर जोडायचं. दोन्ही टोकांना जोडलं आणि हॉपर व पॅनेल यांच्यात एक-दोन व्होल्टचा जरी फरक असला, तर शील्डमधूनच ५० हर्ट्झचा करंट वाहायला लागतो.

फसगत अशी होते, की काही लोडसेलमध्ये शील्ड आतूनच बॉडीला जोडलेलं असतं. तुम्ही म्हणता एक टोक, प्रत्यक्षात दोन. जोडण्याआधी केबल सुटी ठेवून शील्ड आणि लोडसेलची बॉडी यांच्यात मल्टिमीटरने तपासा. मीटरने जोड दाखवला तर जंक्शन बॉक्समध्ये त्या लोडसेलचं शील्ड पुढे नेऊ नका, टोकाला हीटश्रिंक चढवा. जंक्शन बॉक्सपासून इंडिकेटरपर्यंतच्या मुख्य केबलचं शील्ड इंडिकेटरकडे.

केबल पीळ दिलेल्या जोड्यांची हवी. पीळ दिल्याने दोन्ही तारांत सारखाच नॉइज शिरतो आणि इंडिकेटर दोघांतला फरक वाचत असल्याने तो बाद होतो. मोटरच्या केबलपासून निदान ३० सेंटिमीटर अंतर, वेगळा ट्रे, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. पैसे वाचवण्यासाठी दोन्ही केबल एकाच ट्रेमध्ये टाकल्या, तर मागच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्धा फायदा जातो.

प्रत्येक लोडसेलच्या वरच्या आणि खालच्या पायाला जोडणारी लवचीक कॉपर पट्टी लावा. सैल हवी, नाहीतर वजनच अडेल. सांगाड्यातून आलेला करंट मग लोडसेलच्या आतून न जाता पट्टीतून जातो. हॉपरवर वेल्डिंग करायचं असेल तर लोडसेलच्या केबल इंडिकेटरपासून काढा आणि वेल्डिंगचा रिटर्न क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, हॉपरवरच लावा. क्लॅम्प खालच्या सांगाड्याला अडकवला, तर वेल्डिंगचा करंट लोडसेलमधूनही वाट शोधतो. एका टाक्यात तीन लोडसेल गेलेले मी पाहिले आहेत.

पायरी ६: उरलेली भुतं

एसी कॉइलच्या कॉन्टॅक्टरवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी रोध-कपॅसिटरची जोडी), थेट कॉइलच्या टर्मिनलवर. २४ व्होल्ट डीसी कॉइलवर उलटा डायोड. सोलेनॉइड व्हॉल्व्हही विसरू नका, त्यांच्या प्लगमध्ये आतच स्नबर असलेले कनेक्टर मिळतात. २४ व्होल्टच्या सप्लायचं शून्य अर्थला जोडायचं असेल तर एकाच ठिकाणी, पॅनेलच्या प्लेटवर. केबलवर चढवायचं फेराइटचं (चुंबकीय पदार्थाचं) कडं शेवटी लावा. ते लावून आकडा सुधारला तर चांगलंच, पण पायरी ४ टाळून लावलेली दहा कडी एका शील्डेड केबलची बरोबरी करत नाहीत.

पायरी ७: एका वेळी एक बदल, आणि पुन्हा मोजा

पायरी १मधली सगळी मापं प्रत्येक बदलानंतर पुन्हा घ्या. त्या कारखान्यात चौथी कोअर जोडल्याबरोबर चार किलोचे दीड किलो झाले. दोन्ही खड्डे मुख्य बारला जोडून आणि ड्राइव्हखालचा रंग खरवडून एक किलो. शील्डेड केबल आणि ग्लँड बसवल्यावर मोटर पूर्ण वेगात असतानाही आकडा अर्ध्या किलोच्या आत थांबला. एका लोडसेलचं शील्ड दोन्हीकडे जोडलेलं निघालं, ते सोडवल्यावर उरलेली थरथर गेली.

पॅनेलच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा: शील्ड कुठे जोडलं आहे, कुठे मुद्दाम सोडलं आहे, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज, अर्थच्या तारेतला करंट, खड्ड्याचं माप आणि तारीख. मुद्दाम सोडलेल्या शील्डची नोंद सर्वात ठळक करा, कारण पुढचा वायरमन ते सुटलेलं समजून प्रामाणिकपणे जोडून टाकतो. खड्ड्याचं माप दर मे महिन्यात घ्या, आणि त्याच दिवशी ग्लँड व अर्थ बारचे बोल्ट पुन्हा आवळा. मिक्सरच्या थरथराटाने ते वर्षभरात सैल होतात.